शिखर कुलाब्याला, वंशावळ दादरला

दादरला गोखले रोडवर कंडक्टरने ‘पोर्तुगीज चर्च’ असा पुकारा केला की बसमधून उतरणाऱ्यांपैकी निम्म्यांना चर्चशी काही देणंघेणं नसतं. कुणाला सिद्धिविनायक गाठायचं असतं, कुणाला शिकवणीचा क्लास, कुणाला फक्त घर. पोर्तुगीजांनी मुंबई सोडली १६६५ मध्ये. स्टॉपशेजारचं आजचं चर्च काँक्रीटचं आहे, १९७७ मध्ये पुरं झालेलं. म्हणजे पोर्तुगीज गेले, त्यांनी बांधलेल्या भिंतीही गेल्या, आणि नाव मात्र रोज हजार तोंडांतून निघतं.

आता दुसरं टोक घ्या. कुलाब्याच्या दक्षिण टोकाकडे, लष्करी वसाहतीला लागून, झाडांच्या वर एक टोकदार दगडी शिखर दिसतं. ते अफगाण चर्च. कागदोपत्री सेंट जॉन द इव्हँजलिस्ट. उंच मनोरा, निमुळत्या कमानी, अरुंद खिडक्या, काळपट पडलेला दगड. पाहणाऱ्याला वाटतं, हे सहासातशे वर्षांचं असणार. प्रत्यक्षात ते वापरात आलं १८५८ च्या जानेवारीत. बोरीबंदरहून ठाण्याला आगगाडी सुटली १८५३ मध्ये. मुंबईतलं हे सगळ्यांत ‘मध्ययुगीन’ दिसणारं चर्च आपल्या रेल्वेपेक्षा पाच वर्षांनी लहान आहे.

जुनं दिसतं ते नवं आणि नवं दिसतं ते जुनं, अशी ही उलटापालट. ती कशी झाली हे पाहायचं तर सुरुवात इंग्लंडच्या खेड्यातून करावी लागते.

बाराव्या ते पंधराव्या शतकात इंग्लंडमध्ये गावोगाव जी चर्चेस उभी राहिली, त्यांचा आराखडा ठरलेला असे. पश्चिमेला मनोरा, मध्ये गावकऱ्यांसाठी लांबट दालन आणि पूर्वेच्या टोकाला वेदीचा गाभारा. या गाभाऱ्याला चॅन्सेल म्हणतात. बारशाचं दगडी कुंड बहुधा दाराजवळ, कारण चर्चमध्ये माणसाचा प्रवेशच बाप्तिस्म्याने होतो. व्यवस्थाही वाटून दिलेली. चॅन्सेलची डागडुजी धर्मगुरूकडे, लोकांच्या दालनाची लोकांकडे. उत्पन्नाचा दहावा हिस्सा चर्चला. जन्म, लग्न, मरण तिथेच. गावची जत्रा त्याच्याच सणाला. एका चर्चच्या हद्दीतला मुलूख म्हणजे पॅरिश, आणि पॅरिश हीच माणसाची ओळख.

ही चर्चेस कधी एका दमात बांधली गेली नाहीत. लोकरीला भाव आला की गाव बाजूला एक जास्तीचा सोपा काढी, छप्पर उंच करी. त्यामुळे एकाच इमारतीत बाराव्या शतकाची गोल कमान, तेराव्याची उंच टोकदार खिडकी आणि पंधराव्याची जाळीदार मोठी खिडकी शेजारी शेजारी सापडते. थॉमस रिकमन नावाच्या गृहस्थाने १८१७ मध्ये या टप्प्यांना नावं देऊन टाकली. त्यातलं तेराव्या शतकाचं ‘अर्ली इंग्लिश’ लक्षात ठेवा. ते पुढे कुलाब्याला भेटणार आहे.

सोळाव्या शतकात इंग्लंडच्या राजाने रोमशी नातं तोडलं. भिंतींवरच्या चित्रांवर चुना फिरला, वेद्या हटल्या. नवी चर्चेस बांधायची वेळ आली तेव्हा ती ग्रीक-रोमन खांबांची, सभागृहासारखी झाली, कारण आता प्रवचन ऐकू येणं महत्त्वाचं होतं. मुंबईत इंग्रज आले ते या चवीचे इंग्रज. म्हणून त्यांचं इथलं पहिलं चर्च, फोर्टमधलं सेंट थॉमस, मध्ययुगीन खेड्यातल्या चर्चसारखं मुळीच नव्हतं. त्याचा पाया जेराल्ड आँजियरच्या काळात, १६७६ मध्ये घातला गेला. भिंती पुरुष-दोन पुरुष वर आल्या आणि काम चाळीसेक वर्षं तसंच पडून राहिलं. रिचर्ड कॉब नावाच्या पाद्रीने वर्गणी गोळा करून ते पुरं केलं आणि १७१८ च्या नाताळात दार उघडलं. किल्ल्याच्या ज्या दरवाजातून या चर्चकडे वाट जाई त्याचं नाव चर्चगेट. पश्चिम रेल्वेचा प्रवासी रोज ज्या चर्चचं नाव घेतो ते हे. स्टेशनात उतरून ते शोधणाऱ्यांची मात्र फसगत होते, कारण ते तिथून चांगलंच लांब, हॉर्निमन सर्कलपाशी आहे.

मग मध्ययुग मुंबईत आलं कुठून? ऑक्सफर्ड आणि केंब्रिजमधून. १८३९ मध्ये दोन्हीकडे जुन्या चर्चवास्तूंचा अभ्यास करणाऱ्या संस्था निघाल्या. तरुण विद्यार्थी आणि पाद्री वह्या घेऊन खेडोपाडी हिंडत, कुंडांची, खांबांची, खिडक्यांची मोजमापं घेत. पाहता पाहता अभ्यासाचा आग्रह झाला आणि आग्रहाचा हट्ट. खरं ख्रिस्ती चर्च तेराव्या-चौदाव्या शतकासारखंच हवं. चॅन्सेल लांब हवं. दगड दगडासारखा दिसायला हवा, गिलावा नको. तोंड पूर्वेलाच हवं. केंब्रिजवाल्यांनी या मताचं मासिकच चालवलं आणि नव्या चर्चेसना पास-नापास करायला सुरुवात केली. कारखान्यांच्या धुराने काळवंडलेल्या इंग्लंडला आपलं हरवलेलं खेडं हवं होतं, असं मला वाटतं. आपल्याकडे गिरण्या आल्यावर लालबाग-परळच्या चाळींत कोकणातले गणपती आणि बाल्यानाच जोमाने उभे राहिले. मागे राहिलेल्या गावाची ओढ शहरातच जास्त लागते.

याच सुमाराला इंग्रजांची काबूलमध्ये दाणादाण उडाली. १८४२ च्या जानेवारीत काबूलहून परतणारी फौज आणि तिच्या मागची बाजारबुणग्यांची गर्दी, मिळून सोळा हजारांच्या आसपास माणसं, बर्फातल्या खिंडींत कापली गेली किंवा गोठली. कुलाब्यात छावणी होती. मुंबईशी ती नुकतीच, १८३८ मध्ये, कॉजवेने जोडली गेली होती. छावणीचं चर्च म्हणजे एक गवताने शाकारलेली शेड. तिथले पाद्री जॉर्ज पिगट यांनी सुचवलं की सिंध आणि अफगाणिस्तानात पडलेल्यांचं स्मारक म्हणून पक्कं चर्च बांधावं. सरकारने जागा दिली, पण एक व्यवहारी अट घालून: मनोरा एवढा उंच हवा की बंदरात शिरणाऱ्या जहाजांना तो खूण म्हणून दिसावा. म्हणजे खेड्याच्या हद्दीची खूण असणारा मनोरा इथे समुद्रावरच्या वाटाड्याचं काम करणार होता.

नकाशा अर्थातच ऑक्सफर्डहून मागवला. तो आलाही, पण खर्च आवाक्याबाहेरचा निघाला. शेवटी काम आलं हेन्री कॉनिबेअर या मुंबईतल्या इंजिनिअरकडे. ४ डिसेंबर १८४७ ला गव्हर्नर जॉर्ज क्लार्क यांनी पायाचा दगड बसवला. कॉनिबेअरचं नाव मुंबईकराला ठाऊक असायला हवं ते दुसऱ्याच कारणासाठी. विहार तलावाची योजना त्याची. १८६० मध्ये नळाने शहरात पाणी आलं ते त्यामुळे. एकाच माणसाने या शहराला नळही दिला आणि गॉथिक कमानही. चर्च विसरलं तरी चालेल, नळ कुणी विसरू नये.

त्याने निवडली तेराव्या शतकाची अर्ली इंग्लिश शैली. मधलं दालन, दोन्ही बाजूंना खांबांच्या ओळींपलीकडे सोपे, आणि चॅन्सेल पन्नास फूट लांब, सत्तावीस फूट रुंद. हट्टी मंडळींना हवं होतं तसं अगदी. बाहेरच्या भिंतींना मुंबईच्या परिसरातला बसाल्ट, कोरीव कामाच्या जागी पोरबंदरचा चुनखडी दगड. हा फरक हात लावून पाहण्यासारखा आहे. बसाल्ट म्हणजे आपला सह्याद्रीचाच पत्थर. तो छिन्नीला दाद देत नाही, म्हणून भिंतीत तो ओबडधोबड चिऱ्यांतच राहतो. पोरबंदरी मऊ, त्यावर गोलाई आणि पानं उठतात. फरसबंदीच्या नक्षीदार टाइल्स इंग्लंडहून जहाजाने आल्या. खिडक्यांतली रंगीत काच विल्यम वेल्स यांची. आतल्या सजावटीची रेखाटनं विल्यम बटरफील्ड यांची. लंडनमधला त्या हट्टी पंथाचा हा आवडता वास्तुकार. म्हणजे सांगाडा दख्खनी, साज विलायती.

एका नियमाची मला नेहमी गंमत वाटते. वेदी पूर्वेला, उगवत्या सूर्याच्या दिशेला, हे पक्कं. इंग्लंडातून पाहिलं तर जेरुसलेमही त्याच अंगाला येतं, त्यामुळे तिथे सगळंच जुळून जातं. कुलाब्याहून जेरुसलेम पश्चिमेला, समुद्रापलीकडे. तरी वेदी पूर्वेलाच. नियम गावाहून येतो तेव्हा नकाशा पाहत नाही.

हवामानाचा विचार कुणी केलाच नव्हता असं नाही. केंब्रिजच्या मंडळीतले बेंजामिन वेब यांनी १८४५ मध्ये उष्ण प्रदेशात गॉथिक कसं बांधावं यावर निबंध लिहिला होता. भिंती जाड करा, खिडक्या लहान ठेवा, आत गुहेसारखा गारवा राहू द्या, असा त्याचा मथितार्थ. बिचाऱ्यांना कुणी सांगितलं नसावं की कुलाब्यासमोरच्या बेटावर, घारापुरीला, हा प्रयोग हजारभर वर्षांपूर्वी करून झालेला आहे. अफगाण चर्चच्या अरुंद खिडक्या आणि जाड भिंती मात्र मे महिन्यात खरोखरच कामाला येतात. बाहेरच्या झगमगाटातून आत पाऊल टाकलं की डोळे सरावायला वेळ लागतो.

बिशप हार्डिंग यांनी ७ जानेवारी १८५८ ला चर्चची प्रतिष्ठापना केली तेव्हा शिखर झालंच नव्हतं. पैसा संपला होता. पुढे जी वर्गणी जमली तीत कावसजी जहांगीर या पारशी सावकाराचे साडेसात हजार रुपये होते, आणि १० जून १८६५ ला शिखर पुरं झालं. उंची १९८ फूट. इंग्लंडच्या खेड्यातला मनोरा लोकरीच्या व्यापाऱ्याच्या पैशाने उठे. इथे अग्निपूजकाने हातभार लावला. मुंबईत हेच चालतं. मनोऱ्यातल्या आठ घंटा लॉफबरोच्या टेलर कारखान्यातून १९०४ मध्ये आल्या. घंटांवरून आठवलं: त्याच्या दीडशेहून जास्त वर्षं आधीच चर्चच्या घंटा उलट्या दिशेने प्रवास करून चुकल्या होत्या. चिमाजीआप्पांनी १७३९ मध्ये वसई घेतल्यावर तिथल्या घंटा देशावरच्या देवळांत गेल्या. नाशिकच्या नारोशंकराची घंटा त्यातलीच.

आता या चर्चमधली जी गोष्ट मला खटकते ती सांगतो. हे स्मारक आहे, त्यामुळे आत संगमरवरी पाट्या आहेत. अधिकाऱ्यांची नावं कोरली आहेत. साध्या शिपायांबद्दल एवढंच लिहिलंय की ते इतके होते की नावं देता येत नाहीत. मुंबई लष्कराच्या देशी पलटणी सिंधमार्गे कंदाहार-गझनीकडे गेल्या होत्या आणि त्या पलटणींत कोकणातल्या पोरांचा भरणा मोठा. त्यांचं तर या पाटीवरही येण्याचं कारण नव्हतं. इंग्लंडच्या गावातलं चर्च गावच्या मेलेल्यांना ओळखतं, हीच तर त्याची थोरवी. कुलाब्याच्या चर्चने तो मनोरा घेतला, कमानी घेतल्या, चॅन्सेलची लांबी फुटाफुटाने घेतली. ओळख तेवढी घेता आली नाही, कारण मागे गावच नव्हतं. छावणी होती. पलटणी बदलत, माणसं येत आणि जात.

तरी या चर्चची वास्तू वांझ राहिली नाही. १८६२ मध्ये बार्टल फ्रियर गव्हर्नर झाले, कोटाच्या भिंती पाडल्या गेल्या आणि मोकळ्या जागेवर सरकारी इमारती उठू लागल्या. सगळ्या त्याच टोकदार कमानींच्या घराण्यातल्या. जॉर्ज गिल्बर्ट स्कॉट यांनी मुंबईत कधी पाऊल न टाकता विद्यापीठाचं सभागृह आणि राजाबाई टॉवर रेखाटला. टॉवर १८७८ मध्ये पुरा झाला. फ्रेडरिक स्टीव्हन्स यांचं व्हिक्टोरिया टर्मिनस १८८८ चं. सेंट थॉमसलाही १८६०च्या दशकात जुन्या धाटणीचं नवं चॅन्सेल जोडण्यात आलं. नातवाचा अंगरखा आजोबाला घातला. आज युनेस्कोच्या यादीत २०१८ पासून मुंबईच्या ज्या गॉथिक इमारतींचं नाव आहे, त्यांचा या शहरातला मूळपुरुष कुलाब्याचं चर्च. कोर्ट, कॉलेज, स्टेशन, म्युनिसिपालिटी: आपण ज्यांच्या खिडक्यांखाली रांगा लावल्या त्या सगळ्यांची कमान एका खेडवळ चर्चची आहे.

पण ही झाली दगडाची वंशावळ. पॅरिशची वंशावळ वेगळी आणि ती इंग्रजांच्या आधीची. तिच्यासाठी परत उत्तरेकडे यायचं.

पोर्तुगीज काळात या बेटांवर फ्रान्सिस्कन आणि जेझुइट पाद्र्यांनी चर्चेस उभी केली. माहीमचं सेंट मायकल. माझगावची ग्लोरिया, १६३२ ची. किल्ल्याजवळची एस्पेरान्सा. आणि त्या वेळच्या खालच्या माहीमची, म्हणजे आजच्या दादरची साल्व्हासाव, १५९६ ची; तेच ते बसस्टॉपचं पोर्तुगीज चर्च. नारळाच्या वाड्या आणि भातखाचरं यांमधली ही वस्ती. कोळी, भंडारी, कुणबी, आगरी यांतले जे लोक ख्रिस्ती झाले त्यांची घरची बोली मराठीच राहिली. पुढे १८८७ मध्ये त्यांनी ईस्ट इंडियन हे नाव घेतलं. गिरगावच्या खोताच्या वाडीत अजून त्यांची लाकडी जिन्याची घरं आहेत.

या चर्चेसचं नशीब पाहण्यासारखं आहे. एस्पेरान्सा किल्ल्याच्या तोफांच्या माऱ्यात आडवी येते म्हणून अठराव्या शतकात ती जागा मोकळी केली गेली. चर्च गिरगाव-काळबादेवीच्या हद्दीवर कावेलला गेलं, क्रूस मागे राहिला, त्यावरून क्रॉस मैदान. परळला जेझुइटांची वास्तू होती, चर्चसकट. १७२० च्या आसपास ईस्ट इंडिया कंपनीने ती काढून घेतली, गव्हर्नरांनी तिथे आधी बागेतला बंगला केला आणि मग कायमचा मुक्काम. प्रार्थनेच्या दालनात मेजवान्या झडू लागल्या. १८८०च्या दशकात गव्हर्नर फर्ग्युसन यांच्या पत्नीचा तिथे कॉलऱ्याने अंत झाला. पुण्याच्या कॉलेजला ज्यांचं नाव आहे ते हे फर्ग्युसन. गव्हर्नरांनी मलबार हिल गाठली. प्लेगच्या धामधुमीत, १८९९ मध्ये, वाल्डेमार हाफकिन यांची प्रयोगशाळा त्या वास्तूत आली आणि आज ती हाफकिन इन्स्टिट्यूट. लस तयार करणाऱ्या जागेच्या पोटात चर्च आहे हे परळकरांपैकी किती जणांना ठाऊक असेल, शंकाच आहे. माझगावची ग्लोरिया १९११ ते १९१३ च्या दरम्यान जागा बदलून भायखळ्याला आली, आणि येताना तिने इंग्लिश गॉथिक रूप घेतलं. पोर्तुगीज पॅरिशने इंग्रज पेहराव केला.

जागेवर राहिली ती दादरची. भांडणं तिच्याही वाट्याला आली. मुंबईच्या कॅथलिकांवर सत्ता गोव्याच्या आर्चबिशपची की रोमने थेट नेमलेल्या व्हिकरची, हा तंटा पिढ्यान्‌पिढ्या चालला. १७९४ मध्ये कंपनीने सरळ वाटणी करून टाकली: साल्व्हासाव आणि ग्लोरिया गोव्याकडे, माहीम आणि एस्पेरान्सा व्हिकरकडे. भाऊबंदकीत शेत वाटतात तशी देवळं वाटली. दुहेरी कारभार संपायला १९२८ साल उजाडलं. तोवर आजूबाजूच्या वाड्या जाऊन चाळी आल्या, सुधार ट्रस्टची दादर-माटुंगा वसाहत आली, गिरण्यांचे भोंगे आले. सिद्धिविनायकाचं देऊळ १८०१ चं. म्हणजे चर्च त्याच्याहून दोनशे पाच वर्षांनी थोरलं.

जुनी इमारत पुरेना, तेव्हा १९७० च्या दशकात नवी बांधायचं काम वास्तुकार चार्ल्स कोरिया यांना मिळालं. त्यांनी ना पोर्तुगीज दर्शनी भिंत ठेवली, ना लांबलचक दालन. खोल्या, ओसऱ्या आणि उघडे चौक एकमेकांत गुंफले, वर काँक्रीटची निमुळती, धुरांड्यासारखी छपरं चढवली, म्हणजे गरम हवा वर निघून जावी. वेब यांनी इंग्लंडमध्ये बसून जो प्रश्न सोडवायला घेतला होता त्याचं हे दादरी उत्तर, आणि माझ्या मते जास्त अकलेचं. ज्यांना चर्च म्हटलं की टोकदार मनोराच लागतो त्यांना ते अजूनही रुचत नाही. इंग्लंडच्या जुन्या पॅरिशनेही मात्र दर शतकाला हेच केलं होतं: गरज पडली की पाडायचं, वाढवायचं, आपल्या काळाच्या पद्धतीने बांधायचं. कोरियांनी मध्ययुगाची कमान घेतली नाही, त्याची रीत घेतली.

म्हणून मध्ययुगीन पॅरिश चर्च मुंबईत पाहायचं असेल तर एका ठिकाणी भागत नाही. दिसतं ते कुलाब्याला, चालतं ते दादरला. एखाद्या रविवारी दोन्हीकडे जाऊन या. अफगाण चर्चमध्ये पाट्या वाचायला वेळ ठेवा, आणि ज्यांची नावं नाहीत त्यांच्यासाठी दोन मिनिटं थांबा. दादरला प्रार्थना चालू असेल तर मागच्या ओसरीत उभं राहून फक्त छपराकडे बघा. तिथून हलायला कुणी सांगणार नाही.